आभासी कार्डाला नाव कोणी द्यावे?

२०१४ च्या जुलैमध्ये सेंटओएस ७ आले. व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनवर ते बसवणाऱ्या अनेकांना आपल्या नेटवर्क कार्डाचे नाव दिसले ते असे: ईएनओ१६७७७७३६. तोवर लिनक्सवरचे पहिले इथरनेट कार्ड म्हणजे इथ०, हे दोन दशकांत इतके अंगवळणी पडले होते की स्क्रिप्ट, फायरवॉलचे नियम, देखरेखीची सॉफ्टवेअरे या सगळ्यांत ते नाव थेट लिहिलेले असे. आठ आकड्यांची ही शेपटी आली कुठून, हे कोणालाच उमगेना.

उत्तर सरळ आहे. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘ओ’ म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेले कार्ड, आणि पुढचा आकडा म्हणजे त्या कार्डाचा जो क्रमांक फर्मवेअरने सांगितला तो. खऱ्या मदरबोर्डचे फर्मवेअर तिथे १ किंवा २ सांगते. व्हीएमवेअरच्या आभासी मदरबोर्डचे फर्मवेअर १६७७७७३६ म्हणाले, आणि नाव ठेवणाऱ्या सिस्टिमडीने ते जसेच्या तसे मानले. पुढे सिस्टिमडीत मर्यादा घातली गेली: १६३८३ पेक्षा मोठा क्रमांक आला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. प्रश्न सुटला, पण त्याच्या मुळाशी असलेला मुद्दा तसाच राहिला. ज्या कार्डाला धातू नाही, खाच नाही, वायर नाही, त्याची ‘जागा’ कोणीतरी सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेली असते. तिच्यावरून ठेवलेले नाव किती पक्के? हे पुस्तक या प्रश्नाभोवती उभे आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रस्तावनेत इंटरफेसची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत आणि तिथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जातो.

लिनक्समध्ये डिस्कला, कीबोर्डला, सीरियल पोर्टला डेव्ह नावाच्या डिरेक्टरीत फाइल असते. नेटवर्क कार्डाला नसते. त्याची ओळख दोनच गोष्टींनी पटते: कर्नलने दिलेला एक अनुक्रमांक आणि एक नाव. अनुक्रमांक कार्ड नोंदवले जाईल त्या ओघात पडतो, म्हणून तो माणसाच्या कामाचा नाही. उरते नाव. आयपी पत्ता त्याला लागतो, फायरवॉलचा नियम त्याच्यावर लिहिला जातो, मार्ग त्याच्यावरून ठरतो, वाहतुकीचा आलेख त्याच्याखाली निघतो. एवढा भार वाहणाऱ्या या नावाला जागा मात्र सोळा बाइटांची, आणि शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेचा. म्हणजे हाती पंधरा.

पंधरा बाइटांत मराठी नाव बसेल का, असे मला एका विद्यार्थ्याने विचारले होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘बाहेर’ या शब्दात काना-मात्रा धरून पाच चिन्हे आहेत, म्हणून तो बरोबर पंधरा बाइटांत बसतो. कर्नलची त्याला हरकत नाही. सिस्टिमडी मात्र आस्कीबाहेरचे अक्षर वैध मानत नाही, त्यामुळे व्यवहारात हा मार्ग बंद आहे. तरी प्रश्न चांगला होता, कारण त्यातून कळते की नावावरची बंधने एकाच थराची नसतात. कर्नल एक म्हणतो, त्यावरचा थर दुसरे म्हणतो, आणि हायपरव्हायझरचे तिसरेच काही असते.

या क्षेत्रातले वाद समजून घ्यायला १९७८ पर्यंत मागे जावे लागते. झेरॉक्स पार्कमधल्या जॉन शॉक यांनी तेव्हा एका छोट्या टिपणात तीन गोष्टी वेगळ्या केल्या. आपल्याला काय हवे ते नाव सांगते, ते कुठे आहे हे पत्ता सांगतो, आणि तिथवर कसे जायचे हे मार्ग सांगतो. नंतर जेरोम सॉल्टझर यांनी हा विचार आणखी नेटका केला आणि तो १९९३ मध्ये आरएफसी १४९८ म्हणून प्रसिद्ध झाला. इंटरफेसच्या नावांचा पुढचा सगळा इतिहास ही वेगळेपणाची रेष पुसट होण्याचा आहे. आज आपण ज्याला नाव म्हणतो ते बहुतेक वेळा पत्ता असते, आणि पत्ता हलला की नावही हलते.

सर्वांत जुना पंथ क्रमाचा. कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते इथ०, पुढचे इथ१. एका कार्डाच्या यंत्रात याहून चांगली पद्धत नाही. दोन कार्डे आली आणि ड्रायव्हर एकाच वेळी समांतर सुरू होऊ लागले की कोण आधी पोचेल याची खात्री राहत नाही. फायरवॉलच्या यंत्रावर इथ० बाहेरच्या जगाकडे आणि इथ१ कार्यालयाकडे असेल, आणि एका रीबूटनंतर त्यांची अदलाबदल झाली, तर नियम सगळे जागच्या जागी असतात, फक्त उलटे लागू होतात. सुरक्षेच्या दृष्टीने यासारखी वाईट चूक नाही, कारण काहीच बंद पडत नाही.

बीएसडी घराण्याने दुसरी वाट धरली. तिथे नाव ड्रायव्हरचे: इंटेलच्या एका कुळाचे कार्ड ईएम०, रिअलटेकचे आरई०. नाव वाचताच कार्डाची जात कळते. पण फ्रीबीएसडीवरचे व्हर्च्युअल मशीन इंटेलची नक्कल करणाऱ्या कार्डावरून व्हर्टआयओवर नेले की ईएम० चे व्हीटीनेट० होते, व्हीएमवेअरच्या स्वतःच्या कार्डावर व्हीएमएक्स०, झेनवर एक्सएन०, हायपर-व्हीवर एचएन०. ओपनबीएसडीत व्हर्टआयओलाच व्हीआयओ० म्हणतात. आभासी कार्डाची जात म्हणजे व्यवस्थापकाने यादीतून निवडलेला एक पर्याय. तो बदलला की नाव बदलते. यंत्र तेच, काम तेच.

तिसरा पंथ ओळखीचा. प्रत्येक कार्डाला अठ्ठेचाळीस बिटांचा मॅक पत्ता असतो, तोच धरून ठेवावा. लिनक्सच्या युडेव्हने हे केले. पहिल्यांदा दिसलेल्या कार्डाचा मॅक पत्ता एका नियमांच्या फाइलीत लिहायचा आणि ते नाव कायमचे त्याचेच ठेवायचे. ही फाइल ७०-पर्सिस्टंट-नेट या नावाने एका पिढीच्या सिस्टीम ॲडमिनना तोंडपाठ आहे. व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की हायपरव्हायझर नव्या प्रतीला नवा मॅक पत्ता देतो. आतल्या फाइलीत जुना पत्ता इथ० च्या नावावर आधीच नोंदलेला असतो, म्हणून नवे कार्ड इथ१ होते आणि इथ० साठी लिहिलेली आयपीची मांडणी कोणालाच लागू होत नाही. एका साच्यातून शंभर यंत्रे काढली की शंभर यंत्रे मुकी. शेवटी या नियमांत अपवादांची यादी घालावी लागली: ५२:५४:०० ने सुरू होणारा पत्ता केव्हीएमचा, ००:५०:५६ चा व्हीएमवेअरचा, ००:१६:३ई चा झेनचा, यांना कायम नाव देऊ नका. ज्या पद्धतीला आभासी कार्डे दिसली की डोळे मिटावे लागतात, ती पद्धत आभासी जगासाठी नव्हती हे तिथेच सिद्ध झाले होते.

मग आला जागेचा पंथ, आणि आज आपण त्याच्याच अमलाखाली आहोत. डेलच्या अभियंत्यांनी लिहिलेले बायोसडेव्हनेम २०११ मध्ये फेडोरा १५ मधून सर्वांसमोर आले. मदरबोर्डवरचे पहिले कार्ड ईएम१, तिसऱ्या खाचेतल्या कार्डाचा पहिला पोर्ट पी३पी१. सर्व्हरच्या पाठीमागे जे छापलेले तेच पडद्यावर. डेटा सेंटरमध्ये वायर हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी हे वरदान होते. त्याच्या लेखकांनी आणखी एक शहाणपणा दाखवला: आपण व्हर्च्युअल मशीनच्या आत आहोत असे कळले की बायोसडेव्हनेम कोणतेही नाव सुचवत नसे. जिथे छापलेला आकडाच नाही तिथे तो वाचण्याचा आव त्यांनी आणला नाही. माझ्या मते हा या इतिहासातला सर्वांत कमी लक्षात घेतलेला निर्णय आहे.

२०१३ च्या जानेवारीत सिस्टिमडी १९७ ने जागेची कल्पना सगळीकडे नेली. फर्मवेअरने क्रमांक दिला तर ईएनओ१, खाचेचा क्रमांक दिला तर ईएनएस१, काहीच नाही तर पीसीआय बसवरचा रस्ता, म्हणजे ईएनपी२एस०. या वेळी व्हर्च्युअल मशीनही नियमातून सुटली नाहीत. त्यामुळे जे घडले त्याचा पसारा आजही आवरतो आहे. व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट३ कार्ड घेतले की ईएनएस१६०, ईएनएस१९२, ईएनएस२२४, ईएनएस२५६ अशी बत्तीस-बत्तीसच्या अंतराने नावे येतात. १९२ खाचांचा मदरबोर्ड जगात नाही. तो आकडा व्हीएमवेअरच्या मांडणी-फाइलीत पीसीआय-स्लॉट-नंबर म्हणून लिहिलेला असतो. क्यूईएमयूवर जुन्या धाटणीचे आभासी यंत्र निवडले तर पहिले कार्ड बहुधा ईएनएस३ असते, आणि नव्या क्यू३५ धाटणीवर ईएनपी१एस०. क्यूईएमयू ६.१ मध्ये क्यू३५ ची हॉटप्लगची पद्धत बदलली, तेव्हा पाहुण्या यंत्रांतली नावे हलली, आणि आत बसलेल्या माणसाने तर काहीच केले नव्हते.

गावात एखाद्याला आपण घराच्या जागेवरून, आडनावावरून किंवा कामावरून ओळखतो. घर हलणार नाही हे गृहीत धरूनच ‘विहिरीजवळचे’ म्हणता येते. आभासी यंत्रात विहीर कुठे आहे हे हायपरव्हायझरचा कोड ठरवतो आणि नवी आवृत्ती ती विहीर हलवू शकते. माझे म्हणणे एवढेच आहे. भौतिक यंत्रात जागा ही वस्तुस्थिती असते, आभासी यंत्रात ती कोणीतरी घेतलेला निर्णय असते. म्हणून आभासी कार्डाचे नाव, ते कार्ड ज्याने निर्माण केले त्याने, त्याच्या कामावरून ठेवावे आणि ते नाव मधल्या सगळ्या थरांतून शाबूत खाली पोचावे. जागेवरून काढलेले नाव पुरावा म्हणून जवळ ठेवावे, आधार म्हणून नव्हे.

या म्हणण्याची खरी कसोटी लागते ती एसआर-आयओव्हीमध्ये, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. २००७ मध्ये पीसीआय-एसआयजीने हे तपशीलपत्र आणले. त्यात एकच खरे कार्ड स्वतःला अनेक पीसीआय उपकरणे म्हणून दाखवते. मूळ कार्य ते पीएफ, त्यातून काढलेली हलकी कार्ये व्हीएफ. एकेक व्हीएफ थेट एकेका व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करता येते आणि हायपरव्हायझरचा सॉफ्टवेअर स्विच वाटेतून बाजूला होतो. वेग मिळतो. नावांचा मात्र गुंता होतो, कारण व्हीएफ अर्धे धातूचे आणि अर्धे आभासी असते.

इंटेलचे दोन पोर्टांचे ८२५९९ कार्ड घ्या, पाचव्या बसवर बसवलेले. पीएफची नावे ईएनपी५एस०एफ० आणि ईएनपी५एस०एफ१. पहिल्या पोर्टमधून व्हीएफ काढली की ती बसवर बऱ्याच पुढच्या पत्त्यांवर जाऊन बसतात, तेही एक सोडून एक, कारण मधले पत्ते दुसऱ्या पोर्टच्या व्हीएफसाठी राखलेले असतात. जुन्या सिस्टिमडीने रस्ता वाचून त्यांना ईएनपी५एस१६, ईएनपी५एस१६एफ२ अशी नावे दिली. या नावांकडे पाहून त्यांचा बाप कोण हे सांगता येत नाही. हिशेबाने नाव बरोबर, माणसाला निरुपयोगी. मॅक पत्त्याचाही आधार नाही: व्यवस्थापकाने आधी ठरवून दिला नसेल तर अशा व्हीएफचा ड्रायव्हर प्रत्येक वेळी यादृच्छिक पत्ता तयार करतो. २०१८ मध्ये सिस्टिमडी २३९ ने हे सुधारले आणि व्हीएफला पीएफच्या नावापुढे ‘व्ही’ आणि क्रमांक मिळू लागला, जसे ईएनपी५एस०एफ०व्ही०. सुधारणा उत्तम होती. पण तिच्यामुळे जुन्या नावावर उभी असलेली मांडणी अद्ययावत करताच मोडली. यातूनच २४० व्या आवृत्तीत नावांच्या योजनेलाच आवृत्ती क्रमांक आला. आता कर्नलच्या आज्ञेत लिहून ‘मला २३८ च्या पद्धतीची नावे हवीत’ असे सांगता येते. नाव ‘अंदाज करता येण्याजोगे’ राहायचे तर ते कोणत्या वर्षाच्या नियमाने काढले हेही लक्षात ठेवावे लागते, हे तेव्हापासून अधिकृत झाले.

गोष्ट इथे थांबत नाही. नव्या कार्डांच्या आतच स्विच असतो. त्याच्याशी बोलण्यासाठी यजमान यंत्रावर प्रत्येक व्हीएफचा एक प्रतिनिधी इंटरफेस उभा राहतो. म्हणजे एकाच व्हीएफची तीन रूपे झाली: यजमानावर व्हीएफ, यजमानावर त्याचा प्रतिनिधी, आणि पाहुण्या यंत्रात ईएनएस६ सारखे तिसरेच काही. प्रतिनिधीला ड्रायव्हर पीएफ०व्हीएफ१२ असे पोर्टनाव देतो. ते सिस्टिमडीच्या रस्त्याच्या नावाला जोडले तर पंधरा अक्षरांची भिंत लागते. ईएनपी१२९एस०एफ० एवढ्यातच दहा अक्षरे जातात. २०२३ च्या आवृत्तीत प्रतिनिधींसाठी ‘आर’ ही आटोपशीर शेपटी आली ती या अडचणीतून. पोर्टनावाने साध्या पीएफलाही त्रास दिला आहे. ड्रायव्हर ते नाव सांगू लागला की ईएनएस१एफ० चे ईएनएस१एफ०एनपी० होते. कर्नल अद्ययावत केला एवढेच निमित्त, आणि दूरच्या रॅकमधले यंत्र नेटवर्कवरून गायब. त्याच नावावर जुन्या रीतीने व्हीलॅनचा क्रमांक जोडायचा म्हटले, ईएनपी१२९एस०एफ१एनपी१.४०००, तर अठरा अक्षरे होतात आणि कर्नल ते नाव घेतच नाही.

मग स्थलांतराचा प्रश्न. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायचे तर त्याच्या हातातले खरे व्हीएफ काढून घ्यावे लागते. तेवढ्या काळात संपर्क तुटू नये म्हणून कर्नल ४.१८ मध्ये नेट-फेलओव्हर आले. पाहुण्या यंत्रात तीन इंटरफेस दिसतात: वरचा ईएनएस१०, त्याखालचे राखीव व्हर्टआयओ कार्ड ईएनएस१०एनएसबीवाय, आणि व्हीएफ ईएनएस११. ‘एसबीवाय’ हे व्हर्टआयओच्या ड्रायव्हरने सांगितलेले पोर्टनाव, त्याआधीचा ‘एन’ सिस्टिमडीचा. तिघांचा मॅक पत्ता एकच असतो, कारण तो तसा असल्याशिवाय स्थलांतर साधत नाही. मॅकवरून कार्ड शोधणाऱ्या मांडणीला इथे एकाऐवजी तीन उत्तरे मिळतात. ॲझ्युअरवर हीच रचना वेगळ्या वेशात भेटते. हायपर-व्हीचे आभासी कार्ड पीसीआयवर नसते, म्हणून ते जुन्याच इथ० नावाने राहते, आणि त्याच्याखाली त्याच मॅक पत्त्याचे व्हीएफ ईएनपी५३०९१एस१एनपी० अशा धाटणीच्या नावाने येते. तिथला ‘पी’ मोठ्या लिपीतला पहिला आणि लहान लिपीतला दुसरा. आयपी पत्ता द्यायचा तो इथ० ला. जे हे जाणत नाहीत ते नवे, लांबलचक, खरे वाटणारे नाव पकडतात आणि फसतात.

झेनची कथा लहान आहे. त्याचीही कार्डे पीसीआयवर नाहीत, म्हणून ती वर्षानुवर्षे इथ० राहिली. २०२१ च्या अखेरीस सिस्टिमडी २५० ने त्यांना ईएनएक्स० असे नाव दिले आणि त्यातला आकडा झेनच्या मांडणीतला कार्ड क्रमांक ठरवला. ‘एक्स’ मोठ्या लिपीतला. जागा शोधण्याऐवजी निर्मात्याने दिलेला क्रमांक घेतला, हे मला योग्य दिशेचे पाऊल वाटते.

कंटेनरांच्या जगाने हा वाद बाजूला सारला. नेटवर्क नेमस्पेसमध्ये प्रत्येक कंटेनरला नावांची स्वतंत्र पाटी मिळते, म्हणून डॉकरच्या प्रत्येक कंटेनरमध्ये इथ० असतो आणि कोणाची कोणाशी टक्कर होत नाही. दुसरे टोक यजमानावर व्हीईटीएच आणि काही यादृच्छिक अक्षरे असे पडलेले असते. ओपनस्टॅक पोर्टच्या लांबलचक ओळखक्रमांकाची पहिली अकरा अक्षरे घेऊन त्याआधी ‘टॅप’ लावतो, एकूण चौदा. पंधराची मर्यादा इथेही छाप सोडून जाते. दूरसंचारातल्या डीपीडीकेने तर कार्ड कर्नलकडून काढूनच घेतले. तिथे नाव उरत नाही, पीसीआय पत्ता तेवढा उरतो.

नाव वरून खाली पोचवण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते मला या क्षेत्रातले सर्वांत आशादायक काम वाटते. २०११ च्या सोलारिस ११ ने ड्रायव्हरच्या नावांवर नेट०, नेट१ असा साधा पडदा घातला आणि आभासी कार्ड तयार करतानाच त्याचे नाव द्यायची सोय ठेवली. विंडोज सर्व्हर २०१६ पासून हायपर-व्हीच्या यजमानावर दिलेले कार्डाचे नाव पाहुण्या यंत्राला वाचता येते. ओपनस्टॅकने २०१६ मध्ये कार्डाला भूमिकेचे लेबल लावून ते यंत्राच्या मेटाडेटातून पाठवायची सोय केली. क्यूईएमयू ६.० ने एसीपीआय-इंडेक्स दिले, ज्यामुळे यजमानाने ठरवलेला क्रमांक पाहुण्यात ईएनओ१ म्हणून उमटतो आणि खाच बदलली तरी टिकतो. या वाटा अजून एकमेकींना मिळालेल्या नाहीत. आभासी राउटरांत तर अजून क्रमावरच भिस्त आहे. ज्युनिपरच्या व्हीएसआरएक्सला हायपरव्हायझरने दिलेले पहिले कार्ड व्यवस्थापनाचे एफएक्सपी० होते, दुसरे जीई-०/०/०. आकड्यांच्या या तिकडीत जी पेटी आणि जी कार्डे सांगितली आहेत ती तिथे नाहीतच. यादीत मधेच एक कार्ड घातले की पुढची सगळी एकेक घर सरकतात.

लिनक्सच्या कर्नलनेही २०२० च्या आरंभी, ५.५ या आवृत्तीत, एक मोठी सोय केली: एका इंटरफेसला अनेक पर्यायी नावे, प्रत्येकी १२७ अक्षरांपर्यंत. मुख्य नाव छोटे आणि भूमिकेचे ठेवावे, जागेचे व ओळखीचे नाव पर्यायी म्हणून सोबत असावे, हे आता शक्य आहे. फार थोड्या ठिकाणी ते केलेले दिसते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले आणि परवान्यांची पद्धत बदलली. तेव्हापासून अनेक संस्था आपली व्हर्च्युअल मशीन केव्हीएमवर आधारलेल्या व्यवस्थांवर नेत आहेत. ईएनएस१९२ साठी लिहिलेली मांडणी घेऊन यंत्र प्रॉक्समॉक्सवर जागे होते तेव्हा त्याचे कार्ड बहुधा ईएनएस१८ असते. डिस्क ठीक, डेटा ठीक, सेवा सुरू, आणि यंत्रापर्यंत पोचण्याचा रस्ता नाही. मुंबईत ॲमेझॉनचा आणि पुण्यात मायक्रोसॉफ्टचा क्लाउड येऊन बरीच वर्षे झाली. राज्यातल्या सहकारी बँका, रुग्णालये, महाविद्यालये आपली यंत्रे कधी त्या क्लाउडवर, कधी परत स्वतःच्या खोलीत हलवतात. हे काम करणारी मुले पॉलिटेक्निक आणि विज्ञान शाखेतून येतात, मराठीत विचार करतात आणि तुटक इंग्रजी सूचनांवरून शिकतात. बिघाड झाला की कर्नलच्या आज्ञेत नेट.इफनेम्स=० लिहून इथ० परत आणायचे, एवढा एकच उपाय त्यांना कोणीतरी सांगितलेला असतो. एका कार्डाच्या यंत्रात तो उपाय चालतो. दुसरे कार्ड आले की आपण पुन्हा पहिल्या पंथाच्या जुगारात जाऊन बसतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यांच्यासाठी हे पुस्तक लिहिले.

पुस्तक आज्ञांचा कोश नाही. आज्ञा बदलतात आणि त्या त्या आवृत्तीच्या हस्तपुस्तिकेत त्या अधिक बिनचूक मिळतात. इथे प्रयत्न आहे तो कोणतेही नाव समोर आले की ते कोणी, कोणत्या माहितीवरून ठरवले हे उलट वाचत जाण्याची सवय लावण्याचा. त्यासाठी प्रत्येक नाव तीन बाजूंनी तपासले आहे: हायपरव्हायझरने काय सांगितले, कर्नलने त्यातले काय पुढे केले, आणि सिस्टिमडीने किंवा क्लाउड-इनिटने त्याचे काय केले. विंडोज आणि सोलारिसवरची प्रकरणे आकाराने लहान आहेत. माझा अनुभव लिनक्सचा अधिक असल्याने वजन तिकडे पडले आहे. भूमिकेवरून नाव ठेवावे हा माझा आग्रह सर्वत्र दिसेल, पण जिथे जागेचे नाव श्रेष्ठ ठरते, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या पाठीमागे, तिथे ते मी मोकळेपणाने मान्य केले आहे.

वाचताना शेजारी एक टाकाऊ व्हर्च्युअल मशीन चालू ठेवा, आणि त्याचा कन्सोल नेटवर्कशिवाय उघडता येईल याची आधी खात्री करा. त्याला दोन कार्डे द्या. युडेव्हॲडमिनची नेट-आयडी चाचणी चालवून प्रत्येक कार्डासाठी कोणकोणती नावे सुचवली गेली ती लिहून ठेवा. मग यंत्राची धाटणी बदला, कार्डाचा प्रकार बदला, खाच बदला, आणि प्रत्येक वेळी चाचणी पुन्हा चालवा. पहिले प्रकरण त्या यादीपासून सुरू होते.